खिमा, मॅकरोनी आणि चीज : एका भांड्यातले जेवण

बीफचा खिमा, मॅकरोनी आणि चेडर चीज एकाच भांड्यात शिजवून होणारे जेवण ही अमेरिकेतील कामाच्या दिवसाची पाककृती आहे. पाहुण्यांसाठी किंवा सणावाराला ती कोणी करत नाही. नोकरीवरून परतलेले माणूस, भुकेली मुले आणि सकाळीच फ्रीझरमधून खाली काढून ठेवलेला खिमा एवढ्या भांडवलावर ती उभी असते. खिमा, मॅकरोनी आणि टोमॅटो या त्रिकुटाला न्यू इंग्लंडमध्ये ‘अमेरिकन चॉप सुई’ म्हणतात, मध्यपश्चिमेत ‘गुलाश’. ओहायोतील कोलंबस शहरात त्याचा भट्टीत भाजलेला प्रकार ‘जॉनी मार्झेटी’ या नावाने ओळखला जातो, आणि तिखट-जिऱ्याचा मसाला पडला की त्याचे ‘चिली मॅक’ होते. यातल्या चॉप सुईचा चीनशी आणि गुलाशचा हंगेरीशी संबंध नावापुरताच. चवीत फरक असला तरी सगळ्यांचा हिशेब एकच आहे : थोडे मांस पास्त्याच्या आधाराने घरभर पुरवायचे.

या हिशेबाचा धंदा जनरल मिल्स या मिनीयापोलिसच्या कंपनीने केला. १९७१ मध्ये तिने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचे खोके देशभर विक्रीला आणले. खोक्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याच्या भुकटीची पुडी. अर्धा किलोच्या आतबाहेर खिमा आणि दूध-पाणी घरचे. सगळे एकाच पसरट तव्यात. वेळ अगदी नेमकी साधली गेली होती. मांसाचे भाव चढत होते. मार्च १९७३ मध्ये निक्सन सरकारला बीफ, पोर्क आणि मेंढीच्या मांसाच्या भावांवर कमाल मर्यादा घालावी लागली, तर एप्रिलमध्ये गृहिणींनी मांसखरेदीवर देशव्यापी बहिष्कार टाकला. अशा दिवसांत एका पौंडात, म्हणजे ४५० ग्रॅममध्ये, पाच माणसे जेवू घालणारे खोके खपले नसते तरच नवल. खोक्यावर नाव होते बेटी क्रॉकरचे. ही बाई कधी जन्मालाच आली नव्हती; १९२१ मध्ये एका पीठगिरणी कंपनीने ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी तिला कागदावर घडवले होते. पुढे २०१६ मध्ये या खोक्याच्या नावाने ‘वॉच द स्टोव्ह’ ही रॅप गाण्यांची एक मिक्सटेपही निघाली, एक एप्रिलला. थट्टेसाठी निवडलेल्या त्या शीर्षकात या पदार्थाची सर्वांत उपयोगी सूचना आहे, कारण शेगडीकडे पाठ फिरवली की हा पदार्थ हमखास बुडाला लागतो.

खोक्याशिवाय, मुळापासून हा पदार्थ करू लागल्यावर पुडीतल्या भुकटीचे काम काय होते ते कळते. तिच्यात मीठ आणि वाळवलेले चीज असते तसा मक्याचा स्टार्चही असतो. रस दाट करण्याची आणि चीज फुटू न देण्याची हमी तो स्टार्च घेतो. घरी करताना ही हमी पास्त्याकडून घ्यावी लागते. नेहमीच्या पद्धतीने पास्ता भरपूर पाण्यात उकडून गाळला की त्याचा स्टार्च मोरीत जातो. येथे गाळणे नाहीच. पास्ता ज्या पाण्यात शिजतो तेच पाणी शेवटी रस म्हणून ताटात येते. त्यामुळे एक भांडे म्हणजे कमी काम, ही समजूत अर्धीच खरी. घासायची भांडी कमी होतात, पण वेगवेगळ्या भांड्यांत वेगवेगळ्या चुका निस्तरण्याची सोयही जाते. काय आधी आणि काय नंतर पडते, यावरच सगळी पाककृती तोललेली असते.

चार-पाच जणांसाठी सामग्री साधारण अशी धरली जाते : खिमा ४५० ग्रॅम, एक मोठा कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, टोमॅटो सॉसचा २२५ ग्रॅमचा छोटा डबा, बीफचा स्टॉक ६०० मिली, एल्बो मॅकरोनी २२५ ग्रॅम, दूध अर्धा कप आणि चेडर २०० ग्रॅमच्या आसपास. मसाल्यात पॅप्रिका दोन चहाचे चमचे, मिरपूड, हवी तर चिमूटभर मोहरीची पूड आणि वूस्टरशर सॉसचे दोन-चार थेंब. भांडे जाड बुडाचे आणि रुंद असावे. इनॅमल चढवलेले बिडाचे डच ओव्हन यासाठी उत्तम. जाड स्टीलचे पातेलेही चालते. पातळ बुडाच्या पातेल्यात हा पदार्थ करूच नये. नॉनस्टिक भांड्यात तो लागत नाही हे खरे, पण ज्या थरावर चव अवलंबून असते तो थरही तिथे नीट धरत नाही.

तो थर खिमा परतताना तयार होतो, आणि सर्वांत जास्त घाई याच टप्प्यावर केली जाते. फ्रीजमधला गार, ओलसर खिमा कोमट भांड्यात टाकून लगेच उलथन्याने ढवळायला लागले, की काही क्षणांत भांड्यात करडे पाणी जमते आणि मांस त्या पाण्यात उकडू लागते. खिम्याचा रंग बदलतो म्हणून तो परतला गेला असे वाटते. प्रत्यक्षात तो फक्त शिजलेला असतो. मांस तपकिरी होऊन त्याला भाजल्याचा वास सुटणे ही मायार प्रक्रिया. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ती साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे जोमाने चालते, आणि पाणी असेपर्यंत भांड्याचा तळ १००च्या फारसा वर जात नाही. म्हणून आधी भांडे चांगले तापवायचे, खिमा कागदी रुमालाने टिपून घ्यायचा, दोन-तीन मोठ्या चपट्या तुकड्यांत तळाला दाबून बसवायचा आणि तीन-चार मिनिटे त्याला हात लावायचा नाही. हात न लावणे हेच या टप्प्यातले कौशल्य.

नजरेपेक्षा कान येथे जास्त कामाला येतात. सुरुवातीला भांड्यातून बुडबुड्यांचा, जाडसर रटरटणारा आवाज येतो, तो पाण्याचा. पाणी आटत आले की आवाज बारीक, कोरडा होतो आणि चुरचुरू लागतो. म्हणजे आता मांस पाण्यात नसून चरबीत आहे. त्याच वेळी तुकडा उलथन्याने उचलून पाहिला तर तो तळापासून सहज सुटतो आणि खालची बाजू गडद तपकिरी दिसते. सुटत नसेल तर आणखी थोडे थांबायचे. एक बाजू अशी झाली की मग खिमा फोडून मोकळा करावा. सगळा खिमा तपकिरी करण्याच्या नादात तो चिवट, वाळूसारखा रवाळ होतो. काही जण खिम्याला चिमूटभर खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटे ठेवतात. सोड्याने मांसातला आम्लपणा कमी होतो, प्रथिने कमी आवळतात आणि पाणी कमी सुटते. युक्ती खरी आहे, पण चिमूट सैल पडली तर चव साबणासारखी लागते.

अमेरिकेत दुकानातला खिमा चरबीच्या प्रमाणावर विकला जातो. ८०-२० म्हणजे ऐंशी टक्के मांस, वीस टक्के चरबी. ४५० ग्रॅममध्ये जवळपास ९० ग्रॅम चरबी आली. तेवढी सगळी भांड्यात ठेवली तर शेवटी चीजची चरबी तिच्यात मिसळून पदार्थावर तेलाचा तवंग येतो. सगळी काढली तर मसाला परतायला काही उरत नाही. एक-दोन मोठे चमचे ठेवून बाकीची काढावी. ही चरबी सिंकमध्ये ओतणे म्हणजे नळ तुंबवायला आमंत्रण. तिकडच्या स्वयंपाकघरात टोमॅटोचा रिकामा डबा यासाठी बाजूला ठेवलेला असतो. चरबी त्यात थिजली की डबा कचऱ्यात. ९०-१० खिमा घेतल्यास काढण्याची कटकट नाही, पण तो कोरडा लागतो.

खिमा पूर्ण शिजण्याबद्दल अमेरिकी कृषी खाते काटेकोर आहे : आतले तापमान ७१ अंश सेल्सियस. अखंड मांसाच्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात. दळताना ते सगळ्या मांसभर पसरतात, म्हणून स्टेक आतून गुलाबी चालतो तसा खिमा चालत नाही. या पदार्थात पुढे दहा-बारा मिनिटांचे उकळणे असल्याने ती अट आपोआप पुरी होते. जपायचे ते कच्च्या खिम्याचे हात आणि फळी.

कांदा उरलेल्या चरबीत मऊ होईपर्यंत, लसूण त्यानंतर अर्धा मिनिट. टोमॅटो पेस्ट मात्र घाईने पुढे ढकलू नये. ती तळावर पसरून तिचा लाल रंग विटकरीकडे झुकेपर्यंत परतली की डब्याचा कच्चा, धातूसारखा वास जातो. पॅप्रिकाचा रंग आणि वास चरबीत उतरतो, त्यामुळे ती पाण्याआधी पडायला हवी. पण ती क्षणात करपते आणि कडू होते. पॅप्रिका टाकल्यापासून स्टॉक ओतेपर्यंत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त जाऊ नये. स्टॉक ओतण्याआधी तो हाताशी उघडून ठेवलेला असावा, ही बाब क्षुल्लक वाटते; डबा उघडण्याचे यंत्र ड्रॉवरमध्ये शोधत असताना पॅप्रिका जळालेली ज्याने पाहिली आहे त्याला ती क्षुल्लक वाटत नाही.

स्टॉक आणि टोमॅटो सॉस पडताच तळाचा तपकिरी थर लाकडी उलथन्याने खरवडून रसात मिसळावा. याला दोन कारणे आहेत. पहिले चवीचे. दुसरे जास्त व्यावहारिक : तो थर तळाला राहिला तर पुढे पास्त्याचा स्टार्च नेमका त्याच जागी चिकटतो आणि करपतो. उलथने तळावरून गुळगुळीत फिरू लागले म्हणजे काम झाले.

आता पास्ता. इटालियन रिवाज शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाण्याचा. हॅरल्ड मॅकगी या पाकविज्ञानाच्या लेखकाने २००९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये या रिवाजाची परीक्षा घेतली आणि त्याहून कितीतरी कमी पाण्यात, अगदी गार पाण्यापासून सुरुवात करूनही, पास्ता नीट शिजतो असे दाखवले, फक्त मधूनमधून ढवळावे लागते. एका भांड्याच्या पद्धतीला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला, पण अमेरिकी घरांतले तवे त्याआधी कित्येक वर्षे तेच करत होते. २२५ ग्रॅम मॅकरोनीला ६०० मिली स्टॉक म्हणजे रिवाजाच्या जवळजवळ चौथाई पाणी. पास्त्यातून सुटणारा स्टार्च एवढ्याशा पाण्यात दाट होतो, आणि रसाला जो लुसलुशीतपणा येतो तो मैदा-लोण्याच्या व्हाइट सॉसशिवाय येतो.

मॅकरोनी ड्युरम गव्हाच्या रव्याची हवी. तिच्यातले ग्लूटेन घट्ट असते आणि स्टार्चचे कण धरून ठेवते. साध्या गव्हाच्या पिठाचा पास्ता या पद्धतीत टिकत नाही. गाळायची सोय नसल्याने तो मऊ पडला तरी त्याच भांड्यात राहतो आणि शेवटी लगदा होतो. भारतात पास्त्याचे पाकीट घेताना म्हणूनच मागची बारीक अक्षरे वाचावीत. पहिली दोन मिनिटे मॅकरोनी सतत ढवळावी लागते, कारण पृष्ठभागावरचा स्टार्च याच वेळी चिकट झालेला असतो आणि नळ्या एकमेकींना धरतात. नंतर आच मंद, झाकण किंचित तिरके, आणि दर दीड-दोन मिनिटांनी तळापासून एक फेर. पाकिटावरची सात-आठ मिनिटांची वेळ येथे लागू होत नाही. दाट, टोमॅटोच्या रसात पाणी पास्त्यात हळू शिरते, आणि दहा-बारा मिनिटे सहज लागतात. घड्याळापेक्षा दाताखाली पाहणे बरे. नळीच्या मध्यात अगदी पुसटशी कणी राहिली असतानाच आच बंद करावी.

त्या क्षणी भांड्यातला रस पातळ दिसतो आणि नवख्याला तो आणखी आटवण्याचा मोह होतो. तो आवरावा. हा पदार्थ आसट खिचडीसारखा आहे. गॅसवरून उतरल्यावरही तो पाणी पीत राहतो, आणि भांड्यात बेताचा वाटला तो ताटात येईपर्यंत गोळा होतो. उलथन्याने तळावर रेघ ओढली तर ती लगेच मिटली पाहिजे. रेघ उघडी राहत असेल तर पाव कप गरम पाणी घालायची वेळ झाली.

दूध याच टप्प्यावर, आच बंद केल्यावर घालतात. सुरुवातीलाच स्टॉकबरोबर घातले तर टोमॅटोचे आम्ल आणि लांबलेले उकळणे यांनी ते फाटते. शेवटी मात्र स्टार्चने रस दाट झालेला असतो आणि दूध त्यात निमूट मिसळते. फ्रीजमधले गार दूध असेल तर आणखी एक फायदा : भांड्याचे तापमान उतरते, आणि चीजला तेच हवे असते.

चीज वितळणे म्हणजे लोणी वितळणे नव्हे. चीजमध्ये केसीन या प्रथिनाचे जाळे असते, त्याला कॅल्शियमने बांधून ठेवलेले असते, आणि जाळ्यात चरबी व पाणी अडकलेले असते. साधारण ६५ अंशांच्या आसपास चेडरचे जाळे सैल होऊन ते वाहू लागते. त्याच्या फार पुढे तापवले की प्रथिने पुन्हा आवळतात, आतली चरबी पिळून बाहेर टाकतात, आणि रसात रबरी गुठळ्या व वर तेल, असा वेगळा पडलेला पदार्थ उरतो. उकळत्या भांड्यात चीज ओतल्यावर नेमके हेच होते, आणि तसे झालेले चीज मागे फिरवणे जवळपास अशक्य. म्हणून आच बंद, दूध घालून दोन मिनिटांचा विसावा, मग मूठमूठ चीज, प्रत्येक मूठ विरघळल्यावर पुढची. पास्त्याचा स्टार्च येथे दुसऱ्यांदा कामी येतो. तो प्रथिनांच्या मध्ये येऊन त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही.

चेडर कोणते, यावर चवीचा आणि पोताचा झगडा आहे. जुने, तीक्ष्ण चेडर चवीला भारी. पण मुरताना त्यातली प्रथिने तुटलेली असतात आणि ते लवकर फुटते. कोवळे चेडर गुळगुळीत वितळते, पण बेचव. दोन्ही निम्मे-निम्मे घेणे हा शहाणपणाचा तोडगा. चीज घरी किसावे. पाकिटातल्या किसलेल्या चीजला कीस चिकटू नये म्हणून बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते, आणि त्याने रसाला बारीक खरखरीतपणा येतो.

या सगळ्या काळजीतून सुटण्याचा एक मार्ग आहे, आणि चीजच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणारे त्याला नाक मुरडतात. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील थून येथे वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी सायट्रेट वापरून न फुटणारे चीज तयार केले. १९१६ मध्ये जेम्स क्राफ्टने अमेरिकेत प्रक्रिया केलेल्या चीजचे पेटंट घेतले. सोडियम सायट्रेट केसीनला बांधणारे कॅल्शियम ओढून घेते, प्रथिने मोकळी होतात आणि चरबीभोवती पसरून तिला रसात धरून ठेवतात. अमेरिकन चीजच्या दोन चकत्या चेडरबरोबर टाकल्या, तर त्यांतले क्षार सगळ्या भांड्यातले चीज सांभाळून घेतात. भारतात घरोघरी असलेले अमूलचे प्रोसेस्ड चीजही याच जातीचे. ते फुटत नाही, मात्र खारट असते. चव मात्र चेडरचीच हवी. चकत्यांना सुरक्षारक्षक म्हणून ठेवावे, यजमान म्हणून नव्हे.

मिठाचा प्रश्न म्हणूनच शेवटी. तयार स्टॉक खारट, तो आटल्यावर आणखी खारट, चीज खारट, वूस्टरशर सॉसही खारट. कमी मिठाचा स्टॉक घ्यावा आणि चीज मिसळून चाखल्याशिवाय मीठ घालू नये. पुष्कळदा लागतच नाही. पदार्थ जड वाटला तर मिठाऐवजी व्हिनेगरचे चार थेंब.

मांस बदलले की गणितही बदलते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून इथल्या खाटकाकडचे बीफ म्हणजे म्हशी-रेड्याचे मांस. त्यात चरबी फार कमी, म्हणून परतायला दोन चमचे तेल किंवा लोणी वेगळे लागते आणि शिजायलाही थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. अमेरिकेतील मराठी घरांत बीफ न खाणारे टर्कीचा खिमा घेतात. तो पाणी फार सोडतो. दोन घाण्यांत परतला नाही तर हमखास उकडतो, आणि बीफचा गडदपणा त्याला नसल्याने टोमॅटो पेस्ट व वूस्टरशर सॉस थोडा हात सैल सोडून घालावा लागतो.

चीज मिसळल्यावर पाच मिनिटे झाकून ठेवून लगेच वाढावे. वर ताजी पार्सली किंवा कांद्याची पात, बाजूला वाफवलेली ब्रोकोली, एवढाच तामझाम. उरलेले दोन तासांच्या आत पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये जाते आणि तीन-चार दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी मॅकरोनीने उरलासुरला रस पिऊन टाकलेला असतो. तो गोळा थेट मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण ताकदीवर तापवला तर कडेला चीज फुटते आणि मधे गार राहते. लहान भांड्यात दोन-तीन चमचे दूध घालून, मंद आचेवर, ढवळत, वाफाळेपर्यंत गरम केला तर रस पुन्हा जुळून येतो. फ्रीझरमध्ये ठेवायचाच असेल तर खिमा आणि टोमॅटोचा रस तेवढाच गोठवावा. मॅकरोनी आणि चीज ज्या दिवशी जेवायचे त्या दिवशी घालावे. गोठवून वितळलेली मॅकरोनी पिठूळ होते.